सोबत्याचे नियम

खोली दाखवताना आमच्या घरमालकांनी मला दोनच प्रश्न विचारले. रविवारी दुपारी मोकळ्या असता का, आणि बेरीज-वजाबाकी तोंडी जमते का. मी तेव्हा महाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नवीनच लागले होते. साताऱ्याहून एकटी आलेली, आणि चार घरी “एकट्या बाईला खोली देत नाही” हे ऐकून पायांचे तुकडे पडलेले. म्हाताऱ्याची काहीतरी लहर असेल असं समजून मी दोन्हीला हो म्हटलं. त्या एका होकारापायी माझे चार वर्षांचे रविवार गेले. आज इतक्या वर्षांनीही रविवारी दुपारी दीड वाजला की माझं डोकं आपोआप ठणकायला लागतं, खोटं नाही सांगत.

घरमालकांना सगळे काकाच म्हणत. ते मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. महाड-पोलादपूरकडचे डोंगर, शेतं, ओढे त्यांनी उभा जन्म लोखंडी साखळी टाकून मोजले होते. साखळीला शंभर कड्या असतात हे मला माझ्या आईच्या नावाइतकं पाठ झालं, कारण “माझ्या कागदात एका कडीची चूक दाखवा” हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणत. मला म्हणत, पोस्टमनला म्हणत, दूध घालायला येणाऱ्या माणसालाही म्हणत. तो बिचारा “नाय हो काका, कशाला असंल” म्हणून किटली उचलून पळायचा.

त्यांच्यासमोर “जवळच आहे” म्हणायची सोय नव्हती. जवळ म्हणजे किती? “आत्ता येते” म्हटलं की घड्याळ बघत. कपडे वाळत घालायच्या दोरीवर त्यांनी भाडेकरूगणिक तेलरंगाच्या खुणा केल्या होत्या, आणि माझी पाचवारी साडी वरच्या खोलीतल्या भाडेकरूच्या हद्दीत वीतभर गेली म्हणून मला रीतसर चिठ्ठी आली होती. एकदा मी हंडा घेऊन येत होते तर ओट्यावरून म्हणाले, नळापासून तुमच्या दारापर्यंत सव्वीस पावलं होतात, तुम्ही तीस टाकता, तुम्ही तिरक्या चालता. भरल्या हंड्यासकट मी तशीच उभी राहिले.  काकू आतून म्हणाल्या, “तू आत ये गो, त्यांना उत्तर दिलंस तर ते पुन्हा मोजतील.”

पण हे सगळं मी सोसलं असतं. सोसवला नाही तो खेळ.

काकांचा एक पुतण्या बोटीवर नोकरीला होता. त्यानं कुठल्याशा बंदरातून एक इंग्रजी पुस्तिका आणली होती, आणि ती काकांकडे विसरून गेला होता. पुस्तिकेत एका खेळाचे नियम होते. पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत, नुसतं टेबलाभोवती बसून आपण कोणीतरी आहोत असं समजायचं आणि लढायचं. काकांनी ती वाचली आणि त्यांना खुळच लागलं. त्यांच्या हयातीत त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या होत्या. इथं जमीनही आपण काढायची, डोंगरही आपण उभा करायचा, आणि त्यावर कुणाचा दावा नाही. शब्दकोश घेऊन सहा महिने बसून त्यांनी खेळायला लागेल तेवढं मराठीत उतरवलं, मागची प्रकरणं तशीच ठेवली. जे पटलं नाही ते बदललं.

खेळ असा. टेबलावर काकांनी काढलेला एखाद्या किल्ल्याचा नाहीतर गुहेचा नकाशा असे. आम्ही एकेक सोंग घ्यायचं. मी वैदीण, वरच्या खोलीतला भाडेकरू पहिलवान, आणि बाहेरून खेळायला येणारे एक गुरुजी तिरंदाज. उरलेलं सगळं जग म्हणजे काका. शत्रू काका, वारा-पाऊस काका, कुलूप काका. मूळ खेळात म्हणे वीस बाजूंचा फासा होता. तो काकांनी एका सुताराकडून शिसवीचा करून घेतला, तर कसाही टाका, सातच पडायचे. मग एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात घातल्या. मोठा आकडा आला की वार बसला, लहान आला की हुकला. प्रत्येकाच्या अंगात ठरावीक दम. वार बसला की दम वजा. दम संपला की मेलात, चहा प्या. मी सुरुवातीला मुद्दाम लवकर मरत असे, पण काकांच्या ते लक्षात आलं, आणि त्यांनी वैदिणीचा दम दुप्पट केला.

वरचा भाडेकरू औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करायचा. तो टेबलाशी बसूनच झोपे. त्याची चिठ्ठी मीच काढत असे. खरा खेळाडू म्हणाल तर गुरुजी. ते महाडला प्राथमिक शाळेत शिक्षक होते, मूळचे पोलादपूरकडच्या एका बौद्धवाडीतले. शांत माणूस. आठवडाभर महाडात राहायचे, शनिवारी शाळा सुटली की वाडीवर जायचे आणि रविवारी दुपारच्या गाडीनं परत यायचे ते थेट खेळाला. मार्चात चवदार तळ्यावर माणसं जमायची तेव्हा त्यांच्या खोलीवर पाहुण्यांची रीघ असे आणि ते येऊ शकत नसत. तेव्हा काका खेळच बंद ठेवत. एक भिडू कमी म्हणजे लढाईचं माप बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. मी दरवर्षी मार्चाची वाट बघायचे.

आता अस्वलाचं सांगते. एका रविवारी मी, म्हणजे वैदिणीनं, गुहेतल्या जखमी अस्वलाच्या पंजातला काटा काढला. मला वाटलं अस्वल मला खाईल आणि मी चहाला मोकळी होईन. पण काकांनी चिठ्ठी काढली ती नेमकी विसाची. अस्वल आमच्या बाजूला आलं. काकांनी पुस्तिका उघडली आणि कपाळावर हात मारला. जनावर आपल्या बाजूनं लढायला लागलं तर काय करायचं, हे प्रकरणच वाळवीनं खाल्लं होतं. वरची ओळ शिल्लक होती आणि खाली नुसती जाळी. पुतण्याला पत्र गेलं. त्याचं उत्तर आलं की मी ती पुस्तिका वाचलेलीच नाही.

झालं. तिथून सहा महिने माझ्या आयुष्यात अस्वलाशिवाय दुसरा विषय नव्हता.

पहिल्या रविवारी काकांनी अस्वल स्वतःच चालवलं. शत्रू तर तेच होते. म्हणजे शत्रूची चिठ्ठी काढायची, मग उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत बसायचं आणि अस्वलाची चिठ्ठी काढायची. आकडा मनासारखा आला नाही तर समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे संशयानं बघायचं. एकदा तर त्यांनी स्वतःलाच “डब्यात बघू नका” असं बजावलं. पाऊण तास म्हातारा स्वतःशीच लढत होता, घामानं बंडी भिजली, आणि आम्ही तिघं नुसते बघत होतो. तिघं कसले, दोघं, पहिलवान घोरत होता. शेवटी अस्वलानं शत्रूचा सरदार फाडला. काका धापा टाकत म्हणाले, “छान झाली लढाई.”

“कुणाची?” गुरुजींनी विचारलं.

काकांना ते लागलं. आठवडाभर विचार करून पुढच्या रविवारी त्यांनी अस्वलाच्या दमाइतके शत्रू वाढवले. माप बरोबर झालं, पण अस्वल असून नसल्यासारखंच. मग मी काटा काढला कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, तुल्यबळ लढाई हेच खेळाचं सौंदर्य आहे. मी म्हटलं, सौंदर्य गेलं खड्ड्यात, मला कुणी सोबती मिळाला की तुम्ही तेवढंच संकट वाढवणार असाल तर सोबती नकोच. तर म्हणतात कसे, जगात तसंच असतं.

तिसऱ्या रविवारी काकू चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, एवढा घोळ कशाला, त्याला लिंबूटिंबू करा. लहानपणी आपण पकडापकडीत धाकट्या भावंडाला घ्यायचो तसं. ते पळतं, ओरडतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. काकांना ही युक्ती फारच आवडली. त्या दिवशी अस्वल नकाशावर होतं, गुरगुरत होतं, पण त्याचा वार धरायचा नाही आणि त्याला बसलेलाही धरायचा नाही. मधेच केव्हातरी ते दरीत पडलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गुरुजींनी हातातली चिठ्ठी डब्यात परत टाकली. रागानं नाही. म्हणाले, “काका, लिंबूटिंबू हे घरातल्यानं लाडानं म्हणायचं असतं. बाहेरच्यानं म्हटलं की त्याचा अर्थ निराळा होतो.”

काकांनी विचारलं, मग तुमच्या मते सोबत्याचा नियम काय असावा. गुरुजींनी नकाशावर अस्वलाच्या जागी बोट ठेवलं. मग म्हणाले, सोबती लिंबूटिंबू नसावा आणि मालकही नसावा. आमच्यावरचा एखादा घाव त्यानं आपल्या अंगावर घ्यावा. पण शेवटचा वार आमचा आम्हाला करू द्यावा.

काकांनी ते वहीत उतरवून घेतलं. अस्वल काकूंच्या ताब्यात दिलं, आणि कबूल करायला हवं, खेळात पहिल्यांदाच जीव आला. काकू पहिलवानापुढं अस्वल उभं करत आणि “मागं हो रे बाबा, तुझी झोप झाली नाय” म्हणत. पण काकांचं समाधान होईल तर ना! घाव अंगावर घ्यायचा म्हणजे किती घ्यायचा? अर्धा की पाऊण? चालताना अस्वल आमच्या किती कड्या पुढं? चाळीस पानं लिहिली त्या माणसानं. मी ड्यूटीवर प्लग लावत असताना एक्स्चेंजच्या खिडकीत येऊन विचारायचे, “ऑपरेटर, अस्वल झोपेत असेल तर?” तिकडे कुणीतरी “मुंबई द्या, मुंबई द्या” करून ओरडतंय, आणि इकडे हे!

त्याच वर्षी दिवाळीनंतर गुरुजींच्या वाडीची वाट बंद झाली.

वाडीतून फाट्यावर, म्हणजे जिथं एस.टी. थांबते तिथं, यायला एक पायवाट होती. ती एका खोतांच्या शेतातून जायची. खोती केव्हाच गेली होती, पण तालेवार घर, लोक त्यांना खोतच म्हणत. म्हातारे खोत वारले, आणि मुलानं शेतात आंब्याची कलमं लावून भोवती तारेचं कुंपण घातलं. वाडीला दुसरा रस्ता ओढ्यातून. उन्हाळ्यात ठीक, कोरडा असतो. पण पावसात तो ओढा गुरं वाहून नेतो. आणि गुरुजींच्या बायकोला दिवस गेले होते. तिचं पहिलं मूल असंच पावसाळ्यात, घरीच, सुईण पोचायच्या आत गेलं होतं. आता श्रावणात दिवस भरत होते. पावसाच्या आधी वाट मोकळी झाली नाही तर तिला डोलीत घालून न्यायचं कुठून, एवढा साधा प्रश्न होता.

गुरुजींनी तहसीलदारांकडे अर्ज केला. खोतांच्या वकिलानं नकाशा पुढं केला. नकाशात वाट नव्हतीच. आणि नकाशा कुणी केलेला? आमच्या काकांनी.

गुरुजींनी खेळाच्या टेबलाशीच विषय काढला. म्हणाले, तुम्ही ते शेत मोजलंत तेव्हा वाट होती, माझे आजोबा त्या वाटेनं जायचे, तुम्ही तेवढं येऊन सांगा. काका एकदम ताठ झाले. म्हणाले, नकाशात नाही म्हणजे वाट नव्हती, माझ्या कागदात एका कडीची चूक दाखवा.  तो डाव गुरुजींनी नीट संपवला, चिठ्ठ्या डब्यात भरल्या, काकूंना “येतो” म्हणाले आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

आणि काका काय करत होते? दर रविवारी टेबल मांडत होते. नकाशा पसरून, गुरुजींची खुर्ची ठेवून. भिडू कमी आहे म्हणून डाव सुरू करायचा नाही आणि आम्हाला उठूही द्यायचं नाही. अशा बसून काढलेल्या दुपारी किती झाल्या ते विचारू नका. वैशाखाचं ऊन, पंख्याला वीज नाही, पहिलवान घोरतोय, आणि हे मला विचारतात, “अस्वलानं किती घाव सोसावेत म्हणजे योग्य?”

मग माझा तोल गेला. मी सगळं बोलले. म्हटलं, काका, या खोट्या अस्वलासाठी तुम्ही चाळीस पानं लिहिलीत. एक जिवंत माणूस तुमच्याकडे सोबत मागायला आला तर त्याच्यासाठी एक जुनं पान उघडून बघवत नाही तुम्हाला? त्या बाईचं काही बरंवाईट झालं तर वजा कुणाच्या दमातून करणार आहात? खोली सोडायला सांगितलीत तरी चालेल, पण मी या टेबलाशी आता बसणार नाही.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मला अडवलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, “माळ्यावरच्या पेटीत सगळ्या वह्या हायेत तुमच्या. मी एकही रद्दीत घातली नाय.”

काका उठून आत गेले. पेटी खाली ओढल्याचा आवाज आला. दिवेलागणीला बाहेर आले तेव्हा हातात एक जुनी टिपणवही होती, कव्हर उडालेली. शेतावर मोजताना जे दिसेल ते आधी या कच्च्या वहीत उतरवायचं आणि मग घरी बसून पक्का नकाशा करायचा, अशी त्यांची रीत. वहीत काय सापडलं ते त्यांनी सांगितलं नाही. गुरुजींच्या अर्जाची तारीख कधी आहे आणि पोलादपूरची गाडी किती वाजता, एवढंच विचारलं.

स्थळपाहणीच्या दिवशी काकूंनी मला त्यांच्याबरोबर धाडलं, ऊन लागून म्हातारा पडेल म्हणून. महाडच्या स्टँडवर गुरुजी भेटले. आनंदले बिचारे, नमस्कार करून पुढं आले. आणि काकांनी तोंड फिरवलं! बोलले नाहीत, हसले नाहीत, गाडीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी असून मागं जाऊन बसले. फाट्यावर उतरल्यावर वाडीतली माणसं पाणी घेऊन आली, तर यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. बांधावर एकटेच जाऊन बसले, टोपी डोळ्यांवर ओढून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जवळ जाऊन म्हटलं, काका, वागायची काही रीत असते. तर म्हणाले, ऑपरेटर, गप्प बसा. मी त्यांना मनात इतक्या शिव्या दिल्या की सांगता सोय नाही.

तहसीलदार जीपमधून उतरले तशी काका उठले, ती टिपणवही त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, ही माझी वही, आता तुमच्याजवळच राहू द्या, उघडायची तेव्हा उघडा. मग त्यांनी आपण कोण ते सांगितलं. खोतांचा वकील खूश झाला. त्याला वाटलं, नकाशा करणारा आयताच आपल्या बाजूनं उभा राहिला. त्यानं विचारलं, हा नकाशा तुमचाच ना? काका म्हणाले, माझाच. यात वाट नाही ना? नाही.

“पण वाट होती,” काका म्हणाले. “मी पाहिली होती. कच्च्या वहीत शिसपेन्सिलीनं टिंबं टिंबं काढून ठेवली होती. पक्क्या नकाशात तिला शाई दिली नाही.”

तहसीलदारांनी विचारलं, “का दिली नाही?”

काका सगळ्यांसमोर उभे होते. एका बाजूला खोत, त्यांची माणसं. दुसऱ्या बाजूला सगळी वाडी. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता.

“वाट कुणाच्या वहिवाटीची, ते वाडीत जाऊन विचारायचं राहिलं होतं. ऊन कलतं झालं होतं. थोरल्या खोतांकडे आमची पानं वाढली होती. ते म्हणाले, वाडीची वाट ती काय, आज इथून, उद्या तिथून, तिला कशाला धरता, जेवण निवतंय. मी जेवायला गेलो. वाडीत गेलोच नाही. ती माणसं मी हिशेबात धरलीच नाहीत साहेब. माझा नकाशा चुकीचा आहे.”

 मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. ज्या माणसानं जन्मभर एक वाक्य दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं, त्यानं ते स्वतःच्या हातानं मोडलं होतं. वकील मात्र वकीलच. म्हणाला, म्हणजे सरकारी कागद तुम्ही खोटा केलात? हो. मग जो माणूस तेव्हा खोटं लिहितो तो आज खरं बोलतोय कशावरून? आणि पेन्सिलीची टिंबं काय, काल संध्याकाळीसुद्धा काढता येतात. म्हाताऱ्याला वाडीवाल्यांनी फितवलंय. काका यावर काहीच बोलेनात. मी दात-ओठ खात होते. बोला ना, एरवी तर तोंडाला खळ नसतो! पण ते दोन पावलं मागं सरले आणि गुरुजींकडे बघून त्यांनी मान हलवली. त्या दिवसातली ती पहिली नजर.

गुरुजी पुढं झाले. म्हणाले, साहेब, वहीत काय आहे ते मला माहीत नाही. काकांनी मला दाखवलेली नाही. आमच्यापैकी कुणाशी ते आज बोललेलेसुद्धा नाहीत, हे वकीलसाहेबांच्या माणसांनीही पाहिलंय. आता आमची आजी सांगेल ते ऐका, आणि मग वही उघडा.

आजी म्हणजे वाडीतली सगळ्यांत जुनी बाई. तिला दिसायचं कमी झालं होतं. गुरुजींनी तिचा हात धरून तिला कुंपणाशी आणलं. तिनं तारेवर हात ठेवला आणि म्हणाली, “हितून आत शिरलं की उतार हाय. पावसात पाय घसरायचा, म्हणून माझ्या सासऱ्यानं दोन दगडांची पायरी बसवलेली. वरचा दगूड मोठा, खालचा लहान. लहान दगडावं मी पडले व्हते, गरवार असताना. मी कशी ईसरंन?”

तहसीलदारांनी वही उघडली. बराच वेळ बघितलं, मग वकिलाला बघायला दिली. टिंबांच्या ओळीवर एका ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘पायरी, दगड दोन’. खोतांच्याच गड्याला कुदळ घेऊन आत पाठवलं. दुसऱ्या कलमाच्या अळ्याशेजारी, हातभर मातीखाली, मोठा दगड लागला. त्याच्याखाली लहान.

कुंपण त्याच दिवशी तोडायचा हुकूम झाला. तहसीलदार काकांना म्हणाले, कागदाला जोडायला वाटेचा कच्चा नकाशा करून द्या, सोमवारी आणलात तरी चालेल. जीप गेली. तेव्हा कुठं मला कळलं की हा माणूस सकाळपासून पाणीसुद्धा का घेत नव्हता. मला हायसं वाटलं आणि त्याहून जास्त संताप आला. मला तरी सांगायचं होतं! अर्धा दिवस मी फुकट जळत बसले. तसं म्हटलं तर म्हणाले, तुम्ही टेलिफोनवाल्या, तुमच्या पोटात काय राहतं?

गुरुजींच्या घरी जेवण केलं होतं. तांदळाच्या भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, आणि काकांसाठी वेगळी कुळथाची पिठी. सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. पानं मांडली. गुरुजींची बायको, आठवा महिना लागलेला, कमरेवर हात ठेवून वाढायला उभी राहिली. आणि काका ओटीवर पाट घेऊन बसले, कागद पसरला, दौत काढली.

“आधी शाई,” म्हणाले. “मग जेवण.”

मी हात जोडले. म्हटलं, काका, सोमवारी चालेल म्हणालेत ते. भाकरी गार होतेय, ती बाई अवघडलेली उभी आहे. ते ऐकतील तर शपथ. ओटीवर एकेक टिंब काढणं चाललं होतं, दोन टिंबांमधलं अंतर मोजून, वाळू देऊन. गुरुजी हसत नव्हते. ते काकांच्या शेजारी दौत धरून बसले होते. वाडीतली माणसं अंगणात गोळा झाली, आणि सगळी त्या कागदाकडं बघत राहिली, भुकेलेली मी सोडून. फाट्यापासून निघालेली टिंबं शेतातून आली, पायरी उतरली, वाडीच्या कडेच्या चिंचेपाशी पोचली. तिथं काकांनी लेखणी उचलली आणि वर ‘बौद्धवाडी’ असं लिहिलं.

गुरुजींची बायको भाकरीची टोपली घेऊन मागं येऊन उभी राहिली होती. तिनं वाकून कागद बघितला.

“हितंच थांबलाव, काका?” ती म्हणाली. “आमचं दार अजून पुढं हाय.”

काकांनी तिच्याकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं. लेखणी पुन्हा दौतीत बुडवली आणि गुरुजींना म्हणाले, चिंचेपासून उंबऱ्यापर्यंत पावलं मोजून या.